दिगंबरचं कार्ड आणि केरबानानांचं बाकडं

नदीकाठच्या एका गावात दिगंबर नावाचा एक व्हिडिओवाला राहत होता. पंचक्रोशीत लग्न असो, बारसं असो की निवडून आलेल्या सरपंचाची मिरवणूक असो, दिगंबरचा कॅमेरा तिथे हजर असायचा. माणूस मनाचा चांगला आणि हाताचा कसलेला. सासरी निघालेली मुलगी नेमकी कधी मागे वळून बघणार, हे तिच्या आधी दिगंबरला कळायचं. ती वळायची तेव्हा त्याचा कॅमेरा तिची वाट बघत थांबलेला असायचा. त्याला खोड मात्र एक होती. लोक आपल्याला मागासलेला समजतील, या धास्तीने तो सदा अर्धा झालेला असे.

गावात वरच्या आळीला प्रवीण नावाच्या माणसाने नवा स्टुडिओ टाकला आणि ही धास्ती फारच वाढली. प्रवीणच्या कॉम्प्युटरची एक बाजू काचेची होती. आत लाल, निळे, हिरवे दिवे लागत आणि तीन पंखे गरगर फिरत. लग्न ठरवायला आलेले लोक प्रवीणचं काम बघायचे सोडून त्या काचेतच बघत बसत. दिगंबरचा कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याचा करडा डबा. धूळ बसू नये म्हणून त्याच्या बायकोने, मंदाने, त्याला जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता. तो अभ्रा आता दिगंबरला डोळ्यांसमोर नकोसा झाला.

खरं सांगायचं तर त्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. व्हिडिओचे तुकडे जोडायचे, रंग सुधारायचे आणि सगळ्याची एकसंध फिल्म बाहेर काढायची, याला त्यांच्या धंद्यात रेंडर करणं म्हणतात. त्या कामाचा मोठा भार कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर पडतो. दिगंबरने वर्षापूर्वी नवा कॅमेरा घेतला होता. त्याची चित्रं भली मोठी आणि कार्ड होतं जुनं. ते बिचारं धापा टाकायचं. नवरदेव हार घालायला हात वर करायचा आणि पडद्यावर तिथेच पुतळा होऊन राहायचा. तेव्हा नवं कार्ड हवंच होतं. प्रश्न एवढाच होता, की कोणतं.

दिगंबरच्याच गल्लीत केरबा सुतार राहत. गाव त्यांना नाना म्हणे. त्यांची नात रेणू. पोरीची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिला नानांच्या बायकोने, भागाकाकूंनी, वाढवलं. ज्येष्ठ महिन्यात रेणूचं लग्न लागलं, पण ते लांब, नवऱ्याच्या गावी. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी काकू ओसरीवरून पडल्या. कमरेचं हाड मोडलं. ज्या पोरीच्या लग्नासाठी इतकी वर्षं काढली, तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या वेळी काकू खाटेवर पडून आढं बघत होत्या.

दिगंबर लग्नाला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "दिगू, माझं डोळं तू घेऊन चाललायस बरं का. समदं बघून ये."

दिगंबरने समदं बघून आणलं. मुहूर्त गोरजाचा होता. ऐन वेळी वावटळ सुटली, वीज गेली आणि मंगलाष्टकं जनरेटरवरच्या दोन दिव्यांत झाली. अंधारात काढलेल्या चित्रात बारीक ठिपके उठतात, वाळू भुरभुरल्यासारखे. दिगंबरला ते ठिपके सहन होईनात. काकूंना द्यायचं ते स्वच्छ द्यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. ठिपके काढायचं काम जुन्या कार्डाला झेपेना. मग नवं कार्ड आल्यावर करू, असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. आषाढ गेला. श्रावण गेला. गणपती येऊन गेले. हेतू चांगला असला की दिरंगाईसुद्धा माणसाला पुण्यकर्म वाटायला लागते.

गणपतीनंतर काकूंनी अन्न कमी केलं. डॉक्टर म्हणाले, आता येईल तो दिवस आपला. नाना दिगंबरकडे आले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "तेवढं रेणूचं बघायचं म्हणतीया."

"दसऱ्याला तुमच्या घरात फिल्म, नाना. शब्द देतो," दिगंबर म्हणाला.

तो दुसऱ्याच दिवशी शहरात निघाला. मंदाने त्याच्या पिशवीत भाकरीबरोबर एक छोटी डिस्क घातली. "यात रेणूच्या लग्नातलं ते अंधारातलं चित्रण आहे. दुकानात आधी हे चालवून बघा. आपलं काम ज्या कार्डावर चालेल, तेच आणायचं."

"मला शिकवू नकोस," दिगंबर म्हणाला. पण डिस्क काढून ठेवली नाही, हेही खरं.

शहरातलं दुकान थंडगार होतं. एका मोठ्या पडद्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालू होता आणि भोवती कॉलेजची मुलं उभी होती. काय ते कार्ड! अंगावर तीन पंखे, काठाला इंद्रधनुष्यासारखी दिव्यांची पट्टी. पडद्यावरची गाडी अशी धावत होती की दिगंबर उभ्या जागी वळणाबरोबर कलला.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, काम कसलं करता? गेम, की व्हिडिओ?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधं होतं. पण त्या मुलांसमोर 'मी गावाकडे लग्नं काढतो' असं म्हणायला दिगंबरची जीभ रेटेना. तो छाती काढून म्हणाला, "सगळंच करतो."

मुलगी चांगली होती. तिने खालच्या फळीवरून एक साधा खोका काढला. आतल्या कार्डाला दोन पंखे होते, दिवा एकही नव्हता. "व्हिडिओ जास्त असेल तर हे बघा. खेळात याचा वेग थोडा कमी पडतो, पण मेमरी त्या कार्डाच्या दुप्पट आहे. तुमचं काही चित्रण आणलं असेल तर लावून बघू या. दोन्हींवर बघू."

दिगंबरचा हात पिशवीत गेला. बोटांना डिस्क लागली, भाकरीचं फडकंही लागलं. त्याला वाटलं, आता या पडद्यावर शर्यतीच्या जागी आपला मांडव दिसणार. जनरेटरच्या उजेडातला, ठिपक्या-ठिपक्यांचा. मुलं हसणार. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"काही आणलं नाही. ते दिव्यांचंच द्या."

"बरं. नाही जमलं तर आठवड्यात परत आणा," मुलगी म्हणाली. "फक्त नव्यासारखं कोरं असलं पाहिजे."

दिगंबर गावात परतला तो मिरवतच. खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या गल्लीत अशी रीत होती, की खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं केरबानानांच्या लांब बाकड्यावर एकत्र मांडायची. शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, गवंड्याची थापी, दिगंबरचा कॅमेरा. झेंडूचा हार घालून सगळ्यांची पूजा व्हायची. मग त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावायचा नाही, कारण वर्षातून एक दिवस त्यांनाही विसावा हवा. त्या बाकड्याची लांबी दहा फूट होती. पलंगाची बाजूपट्टी अख्खी मावली पाहिजे, म्हणून नानांनी ते स्वतः तेवढं करून घेतलं होतं.

दिगंबरने कार्ड अजून कॉम्प्युटरला लावलंही नव्हतं. आधी पूजा, मग काम, असा त्याचा बेत. वस्तरा आणि थापीच्या मधोमध त्याने ते झगमगीत खोकं उघडून ठेवलं. सगळी गल्ली वाकून बघायला लागली. दिगंबरने ओल्या बोटाने कार्डाला हळद लावली, कुंकू लावलं आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. हात जरा सढळच होता.

नाना कार्डाकडे बघत म्हणाले, "चालवून बघितलंस का रं?"

"अजून नाही, नाना. पूजेआधी कसं चालवायचं?"

"मी नवा रंधा आणला, की पहिला हात घरच्या लाकडावर मारतो. लाकूड हो म्हणालं, की मग कुंकू."

दिगंबर हसला. सुताराला कार्डातलं काय कळणार, असं त्याच्या मनात आलं. ते त्याने बोलून दाखवलं नाही, एवढी त्याची सभ्यता.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून त्याने कार्ड लावलं. दिवे लागले. पंखे फिरले. फिरता फिरता खडखड आवाज यायला लागला, कारण अक्षतांचे चार-दोन दाणे पंख्यात जाऊन बसले होते. दिगंबरने तिकडे कानाडोळा केला. रेणूचं लग्न उघडलं. नवरदेव आता पुतळा होत नव्हता, भराभर हार घालत होता. दिगंबरला धन्य वाटलं. त्याने ठिपके काढायचं काम चढवलं आणि फिल्म रेंडर करायला लावली.

एकतीस टक्क्यांवर काम थांबलं. पडद्यावर पाटी आली, की कार्डाची मेमरी भरली आहे.

त्याने सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा एकतीस टक्के, पुन्हा तीच पाटी. नेमकी मंगलाष्टकांची जागा. चित्र मोठं, अंधार दाट आणि एक चित्र स्वच्छ करायला आजूबाजूची पाच-सहा चित्रं एका वेळी समोर धरावी लागत. तेवढी जागा त्या कार्डात नव्हती. पळायला ते वाघ होतं, पण हे काम पळण्याचं नव्हतंच. काठाचे दिवे मात्र लाल, निळे, हिरवे होत राहिले.

दुपारी नाना आपट्याची पानं घेऊन आले. "झालं का रं?"

"व्होल्टेज कमी आहे, नाना. तासाभरात होईल."

नानांनी वर बघितलं. खोलीतला दिवा लख्ख जळत होता. नाना आपट्याचं पान दिगंबरच्या हातात ठेवून वळले. जाता जाता म्हणाले, "ती जागी हाय. तू येणार म्हणून दुपारची झोपली न्हाय."

दिगंबर खुर्चीत बसून राहिला. आयुष्यात त्याला पुष्कळदा लाज वाटली होती. पत्र्याच्या डब्याची वाटली, साडीच्या अभ्र्याची वाटली, दुकानात स्वतःच्या कामाची वाटली. आज पहिल्यांदा त्याला योग्य गोष्टीची लाज वाटली. मंदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"डिस्क दाखवली होती का दुकानात?"

"नाही."

"मग आता तरी खरं सांगून या. त्या म्हाताऱ्या जिवाला खोट्यावर ताटकळत ठेवू नका."

दिगंबर उठला आणि नानांच्या घरी गेला. बाकड्यावरचे झेंडू अजून ताजे होते. त्याने नानांना सगळं सांगितलं. मुलीने विचारलेला प्रश्न, आपण दिलेलं उत्तर, पिशवीत गेलेला हात, आणि व्होल्टेजसुद्धा. 

नाना ऐकत होते. रागवायचा हक्क होता, पण तो त्यांनी वापरला नाही. त्यांनी कामाचंच विचारलं. "ते कार्ड नेमकं करतं काय आन अडतं कुठं?"

"वेग आहे हो त्याला. पण एका वेळी फार चित्रं समोर मांडून ठेवता येत नाहीत."

"म्हंजी रंधा धारदार हाय, बाकडं तोकडं हाय." नानांनी बाकड्यावरून हात फिरवला. "तुझी फळी किती लांबीची?"

दिगंबरने बाकड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दहा फुटी, नाना. आणि बाकडं आणलं पाच फुटी. दिवे लावलेलं."

"मग आज फळी काप. बाकड्याचं पुन्यांदा बघू."

"चित्र लहान होईल, नाना. आणि अंधारातले ठिपके तसेच राहतील. मला काकूंना स्वच्छ दाखवायचं होतं."

"दिगू," नाना हळूच म्हणाले, "तिला कुठं पलंग करायचाय? तिला नात बघायचीया."

दिगंबर धावतच घरी आला. त्याने चित्राचा आकार लहान केला. ठिपके काढायचं काम सोडून दिलं. फिल्मचे चार तुकडे केले आणि एकेक करून बाहेर काढले. तासाभरात चारही झाले. हे असंच चार महिन्यांपूर्वी जुन्या कार्डावरही झालं असतं. वेळ जरा जास्त लागला असता, एवढंच. ते त्याला तेव्हा दिसलं नव्हतं, कारण तो काम बघतच नव्हता, काच बघत होता.

ऊन उतरायच्या आत तो पेनड्राइव्ह घेऊन नानांच्या घरी पोचला. गाव सीमोल्लंघनाला निघालं होतं, लांबून हलगीचा आवाज येत होता. काकूंना उशा लावून बसवलं होतं. त्यांच्या अंगात गोधडीचं ओझं पेलण्याइतकाही जीव उरला नव्हता. दिगंबरने फिल्म टीव्हीला लावली.

रेणूची हळद झाली. काकूंनी ओठ हलवले. वरात आली. मग अंधारातला मांडव आला, दोन दिव्यांचा उजेड, अंतरपाट आणि चित्रभर भुरभुरणारे ते ठिपके. दिगंबरने मान खाली घातली. आता काकू विचारणार, हे काय रे असं, असं त्याला वाटलं.

काकू पुढे झुकल्या. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण चेहरा उजळला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती अक्षता पडल्यात माझ्या पोरीवर! पडायच्या थांबंनातच की."

दिगंबर समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच नानांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. काकूंनी गोधडीतून उजवा हात बाहेर काढला.  त्यांनी बोटं जुळवली, टीव्हीकडे नेली आणि उघडली. हातात काही नव्हतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या तसा हात वर नेत राहिल्या आणि उघडत राहिल्या.

पाठवणीच्या वेळी रेणू मागे वळून बघते, ती जागा त्यांनी तीन वेळा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "माझ्याकडंच बघितलं तिनं." आणि उशीवर डोकं टेकून झोपी गेल्या. दिगंबर बाहेर येऊन बाकड्याला टेकून खूप वेळ रडला.

वसुबारसेच्या दिवशी काकू गेल्या.

त्याआधीच, दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी, दिगंबर पुन्हा शहरातल्या दुकानात गेला होता. मुलीने कार्ड हातात घेतलं. फटीत बसलेलं कुंकू बघितलं, पंखा फिरवला आणि त्यातून तांदळाचा एक दाणा काउंटरवर पडला. तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. "काका, हे कोरं म्हणून कसं परत घेऊ?" कार्ड वापरलेलं म्हणून कमी किमतीत गेलं आणि नुकसान व्हायचं ते झालं. तिने पुन्हा विचारलं, "काम कसलं करता?"

"लग्नं काढतो," दिगंबर म्हणाला. "गावाकडची. बऱ्याचदा अंधारातली." आणि त्याने पिशवीतून डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

शर्यत थांबली. मोठ्या पडद्यावर जनरेटरच्या उजेडातला मांडव आला. दिगंबर ज्यांना इतका भ्याला होता ती मुलं गोळा झाली. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, "कोणाचं लग्न आहे हो?" साधं कार्ड एकतीस टक्के ओलांडून शंभरापर्यंत गेलं. दिगंबरने तेच घेतलं. साडीचा अभ्रा आजही त्याच्या कॉम्प्युटरवर आहे.

त्या कार्डावर त्याने पुढे रेणूच्या लग्नाची स्वच्छ फिल्म काढली आणि नानांना नेऊन दिली. एक ठिपका त्यात शोधून सापडणार नाही. नानांनी ती जपून कपाटात ठेवली आहे. पण बघायची झाली, की ते पहिलीच लावतात. अक्षता पडत असलेली.

तात्पर्य: हत्यार घेताना दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये, आपली फळी मोजावी, ती चारचौघांत दाखवायला लाजू नये, आणि ज्या माणसासाठी काम करायचं तो काय बघायला बसला आहे, हे सगळ्यात आधी विचारावं.